गाळून आलेला आवाज

देवराव झाडे फोनवर बोलत नसत, ओरडत. हिंगणघाटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं होतं. पुढ्यात माइक, बाहेर इंजिनांची घरघर आणि खिडकीशी झोंबणारी माणसं. अशा ठिकाणी हळू बोलून कुणाचं भागत नाही. पुढे बसगाड्या विजेवर चालू लागल्या, घोषणा यंत्र करू लागलं, स्टँड शांत झालं. देवराव तेवढे शांत झाले नाहीत.

"बाबा, हळू बोला ना," त्यांची मुलगी अवंती नागपुरातून म्हणायची. "शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जातं."

"मी कायले हळू बोलू? तू रोज लंडनच्या लोकायचं ऐकतं, अन् बापाचं ऐकाले तुले जड जाते का?"

अवंती तिथल्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर होती. विलायतेतल्या एका विमा कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांची रडगाणी ऐकायचं काम या कंपनीला दिलं होतं. पासवर्ड विसरला, प्रिंटर चालेना, स्क्रीन काळी पडली, की तिकडचा माणूस फोन लावणार आणि दुपारच्या पाळीत तो अवंतीच्या कानात वाजणार. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट निघायचं. ते उघडायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, ठरलेला उपाय सांगायचा आणि बंद करून पुढचं घ्यायचं. पहिला उपाय बहुतेक वेळा एकच असे: बंद करा, थोडं थांबा, परत सुरू करा. गंमत म्हणजे बरीचशी दुखणी तेवढ्यानंच बरी होत.

खरं तर हे काम यंत्रांनी केव्हाच गिळून टाकायला हवं होतं. सोपी तिकिटं त्यांनी गिळलीही होती. माणसांकडे उरले होते ते फक्त संतापलेले लोक. यंत्राशी बोलून बोलून ज्यांचं डोकं फिरायचं, ते शेवटी 'मला माणूस द्या' म्हणून किंचाळायचे, आणि मग त्यांना माणूस मिळायचा, म्हणजे अवंती मिळायची. नोकरीच्या सुरुवातीला ती रोज एकदा तरी बाथरूममध्ये जाऊन रडून यायची. तिच्या तुकडीतली निम्मी मुलं पळून गेली. मग कंपनीनं गाळणी आणली.

गाळणीचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि प्रशिक्षणाच्या दिवसानंतर ते कुणी उच्चारलं नाही. माणसाच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तो काय म्हणतो आणि कसं म्हणतो. शब्द जीभ, ओठ, टाळू घडवतात. त्यांच्याखालून घशातला सूर वाहत असतो. तो चढतो, कापतो, घोगरा होतो, आणि राग, भीती, रडू हे सगळं बहुतकरून त्याच्यात असतं. गाळणी या दोन गोष्टी वेगळ्या करायची. हेडफोनमधली नखाएवढी चकती येणारा आवाज पापणी लवायच्या आत बारीक तुकड्यांत कापायची, त्यातले शब्द ओळखायची आणि तेच शब्द त्याच माणसाच्या आवाजात, पण नव्यानं आणि अगदी शांतपणे बोलून दाखवायची. मूळ आवाज कानापर्यंत पोचायचाच नाही.

आणखी एक सोय होती. ओरडणाऱ्याचे शब्द फाटतात, रडणारा ते गिळतो. अशी फाटकी-तुटकी अक्षरं गाळणी अंदाजानं भरून काढायची. त्या माणसाचं आधीचं बोलणं तिनं जितकं जास्त ऐकलेलं असेल, तितका तिचा अंदाज पक्का.

पहिल्याच दिवशी एका साहेबानं अवंतीला तिच्या देशावरून आणि अकलेवरून घातलेल्या शिव्या तिच्या कानात हवामानाच्या बातम्यांसारख्या आल्या. तिला हसू फुटलं. तिनं त्याचा पासवर्ड बदलून दिला, दिवस चांगला जावो म्हणाली आणि तिकीट बंद केलं. त्या संध्याकाळी ती न रडता खोलीवर गेली. त्या गाळणीला तिनं मनापासून दुवा दिला, आणि यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

मधे एकदा एक तक्रार आली होती. तिकडच्या एका बाईनं लिहिलं होतं, की नवऱ्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच कामावर आले, लॉगिन होईना म्हणून फोन लावला, मी हुंदके देऊन रडत होते आणि तुमची मुलगी मला हसत हसत विचारत होती, आणखी काही मदत करू का. अवंतीला ते वाचून कसंसंच झालं. तिला तो फोन आठवतच नव्हता. तिच्या कानात त्या दिवशी कुणीच रडलं नव्हतं.

"सोड गं," तिचा टीम लीडर सुमेध गजभिये म्हणाला. "ती रडून राहिली होती हे तिनं शब्दात सांगितलं का? नाही ना? मग आपण काय करणार? शब्दांवर तिकीट काढायचं, आवाजावर नाही. शिकवलं होतं ना आपल्याला?"

शिकवलं होतं. जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी होऊ नये, म्हणून हा नियम होता. नियमात तसं वावगं काहीच नव्हतं.

आई गेल्यापासून बाबांचे फोन वाढले होते. ते एकटेच राहत. नागपूरला चला म्हटलं तर "तिथं मी कोणाशी बोलू? लिफ्टशी?" असं विचारत. कंपनीनं घरच्या माणसांचे नंबर हेडफोनला जोडून दिले होते, म्हणजे कुणाला जागेवरून उठावं लागू नये. त्यामुळे दोन तिकिटांच्या मधे बाबा येत. गॅसवाला आला नाही. टीव्हीचा आवाज जातो. मांजर पुन्हा माळ्यावर व्याली. सगळं ओरडून. आणि सगळं बोलून झालं, की शेवटी "काही नाही, असाच लावला होता फोन."

बाबा दुखलंखुपलं कधी शब्दात सांगत नसत. त्यांची सांगायची तऱ्हाच नव्हती ती. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी फोनवर फक्त "तू ये" एवढंच म्हटलं होतं, आणि त्या दोन शब्दांवरून अवंतीला सगळं कळलं होतं.

एके दिवशी सलग चार-पाच चिडके फोन झाल्यावर बाबांचा फोन आला आणि तिचा तोल गेला. "बाबा, मी कामावर असते हो! मांजरीसाठी कशाला फोन करता?" बाबा म्हणाले, "बरं." मग चार दिवस त्यांचा फोनच आला नाही. अवंतीला अन्न गोड लागेना.

"घरच्या फोनलाही लाव ना गाळणी," सुमेध म्हणाला. "मी बायकोच्या फोनला लावली आहे. एक भांडण नाही सहा महिन्यांत."

"बाबांच्या आवाजाला?"

"तेच बोलतील, तू तेच ऐकशील. फक्त कानाचे पडदे वाचतील तुझे."

तिनं लावली. आणि खोटं कशाला बोलावं, फार बरं झालं. बाबांचा आवाज आता कसा मऊ, मागे तक्क्याला टेकून बोलल्यासारखा यायचा. ती चिडायची थांबली. मांजरीच्या पिल्लांची नावं विचारू लागली. बाबा खूश झाले. शेजारच्या कुसुमकाकूंना त्यांनी सांगितलं, की पोट्टी आता फार गोड बोलते, नोकरीनं शहाणी झाली.

फक्त कधीकधी गाडी रुळावरून घसरायची. बाबा थट्टा करायचे आणि ती गंभीरपणे उत्तर द्यायची. "काकूचा नवरा पळून गेला वाटते," असं ते एकदा म्हणाले. काकूंचा नवरा म्हणजे पाय मोडून प्लास्टरमध्ये पडलेला माणूस. पण अवंती घाबरून "कधी? पोलिसांत कळवलं का?" विचारत बसली.

"मजाक करून राहिलो न वं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तू आजकाल बँकेतल्या बाईसारखी बोलतं."

हे त्यांनी कशा सुरात म्हटलं, ते तिला कळलं नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी विलायतेतल्या कुठल्या तरी सर्व्हरनं मान टाकली होती आणि सकाळचं कामकाज सुरू करायला बसलेली अख्खी विमा कंपनी अडकून पडली होती. म्हणजे इकडे दुपारची पाळी नुकतीच सुरू झालेली. स्क्रीनवर थांबलेल्या फोनांची रांग वाढत होती. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"अवंती," ते म्हणाले, स्वच्छ आणि शांत. "जरा जड वाटून राहिलं."

"कुठे जड वाटतंय?"

"हात. असाच. मघापासून."

"कशावर झोपला होतात का? उन्हात गेला होतात?"

"नाही... हाव, गेलो होतो."

"पाणी प्या. आणि थोडा वेळ झोपा बरं. झोपून उठलात की बरं वाटेल."

"झोपू म्हणतं?"

"हो. पंखा लावून शांत झोपा. मी संध्याकाळी फोन करते."

"बरं," बाबा म्हणाले. "काही नाही, असाच लावला होता फोन."

तिनं पुढचा फोन घेतला. केव्हापासून, कुठे, त्याआधी काय केलं होतं: प्रश्न विचारून झाले होते, उपाय सांगून झाला होता. तिच्या डोक्यात ते तिकीट बंद झालं होतं, आणि हे तिला त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला कुसुमकाकूंचा फोन आला. बाबा उठत नव्हते. उठवले तर उजवं अंग हलत नव्हतं आणि तोंड वाकडं झालं होतं.

वर्ध्याच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं अवंतीएवढीच होती. तिनं नीट समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर ती विरघळवायचं औषध देता आलं असतं. आता ती वेळ निघून गेली आहे. जीव वाचेल. हातापायात थोडी ताकद येईल. पण बोलण्याचं केंद्र त्याच बाजूला असतं आणि ते फार दुखावलं आहे.

"दुपारी त्यांच्याशी कुणी बोललं होतं का?" डॉक्टरनं विचारलं.

"मी बोलले. फोनवर."

"तेव्हा बोलण्यात फरक जाणवला नाही? जीभ जड होते, शब्द बोबडे येतात. सुरुवातीलाच होतं हे बहुतेकांना."

"नाही," अवंती म्हणाली. "स्वच्छ बोलत होते. अगदी स्वच्छ..."

आणि वाक्य अर्धं असतानाच तिला कळलं. तिनं भिंतीचा आधार घेतला आणि तिथेच खाली बसली.

जीभ लुळी पडत असलेल्या माणसाची तुटकी अक्षरं गाळणीनं गोळा केली होती. कितीतरी महिने ती रोज तो आवाज ऐकत आली होती, त्यामुळे तिचा अंदाज पक्का होता. तिनं प्रत्येक शब्द बरोबर ओळखला, बरोबर भरून काढला, धुऊन पुसून अवंतीच्या कानात ठेवला. तिनं एकही चूक केली नव्हती.

कुसुमकाकू बाहेरच्या बाकावर पदराचं टोक तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून त्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"दुपारी आले होते न भाऊजी माह्याकडं. जीभ कशी जडजड. मी म्हटलं, भाऊजी, असं काहून बोलता? चला, रिक्षा करतो, डॉक्टरले दाखवू. तर हातानं नाही म्हणे. म्हणे, अवंतीले सांगितलं, तिनं सगळं विचारलं, झोपा म्हणाली. मले वाटलं, शिकलेली पोरगी, तिनं आवाज ऐकला असंन, विचार करूनच सांगितलं असंन. म्हणून मी चूप बसली." काकूंना रडू आवरेना. "मले तरी अक्कल पाहिजे होती वं!"

"तुमची चूक नाही काकू," अवंती म्हणाली. चूक कुणाची, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

कंपनीत ती दोन आठवड्यांनी गेली, तेसुद्धा एकाच कामासाठी. "मला त्या फोनचा मूळ आवाज पाहिजे," तिनं सुमेधला सांगितलं. "गाळणीच्या आधीचा. ते कसे बोलत होते ते मला ऐकायचं आहे."

सुमेधनं खूप खटपट केली. चार ठिकाणी विचारलं, वरच्यांशी भांडला. शेवटी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मूळ आवाज साठवतच नाही ती. चकतीत येतो, तुकडे होतात आणि पुसला जातो. लोकांचं खासगी बोलणं आपल्याकडे राहू नये म्हणून तशीच बनवली आहे. गाळून झालेला तेवढा राहतो. तो देतो तुला. बाकी कुठेच काही नाही, अवंती."

"म्हणजे ते कधीच कुणालाच ऐकू येणार नाही?"

सुमेधनं होकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाला, "मी बायकोच्या फोनची काढून टाकली. परवाच. घरी गेलो तर ती म्हणे, किती दिवसांनी भांडलास."

अवंतीनं ते ध्वनिमुद्रण फोनमध्ये घेतलं आणि राजीनामा लिहून दिला. हे रागानं केलं नव्हतं. तिला हिंगणघाटला जाऊन राहायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

बाबा घरी आले. काठीच्या आधारानं पलंगापासून खुर्चीपर्यंत येऊ लागले. शब्द मात्र एकही परत आला नाही. उरला होता तो फक्त आवाज. "आ... हा... आआ" असा, कधी चढा, कधी विनवणीचा, कधी चिडका. त्याचा दणका तोच होता, चौकशीच्या खिडकीतला. गाळणीनं आजवर शब्द ठेवून सूर फेकला होता. दुखण्यानं सूर ठेवला आणि शब्द नेले.

कुसुमकाकूंना तो सूर कळायचा. दारातून आत येता येता त्या म्हणत, "भाऊजीले ऊन लागून राहिलं, खुर्ची सरकव." किंवा "पाणी नाही, चहा म्हणून राहिले." आणि ते बरोबर निघायचं. अवंती तासन्‌तास समोर बसलेली असायची आणि तिला काहीच कळत नसे. ती विचारायची, "पाणी? पंखा? बाथरूम?" बाबा मान हलवत राहत, चिडत, आणि शेवटी थकून तोंड फिरवून घेत. तिचे प्रश्न अजून हेल्पडेस्कवरचेच होते. ऐकायचा सराव मोडला होता तिचा. रात्रंदिवस जवळ राहूनही आपण बाबांना परक्या झालो, या विचारानं तिला स्वयंपाकघरात जाऊन रडावंसं वाटे, आणि ती रडायचीही.

वर्ध्याहून आठवड्यातून एकदा वाचा शिकवणाऱ्या बाई येत. त्यांनी सुचवलं, "जुनं काही ध्वनिमुद्रण आहे का यांच्या आवाजाचं? स्वतःचं बोलणं ऐकून कधीकधी एखादा शब्द जागा होतो. लहानसा जरी आला तरी पुष्कळ."

अवंतीनं घर पालथं घातलं. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या व्हिडिओत बँड वाजत होता आणि बाबा लांब उभे होते. स्टँडवरच्या घोषणा कुणी साठवल्या नव्हत्या. रोजचा आवाज कोण जपून ठेवतो? शेवटी तिच्याकडे तेवढा एकच फोन उरला.

तिला तो ऐकवायचा नव्हता. पण शब्द येण्याची शक्यता होती, आणि त्या शक्यतेपुढे आपल्या जिवाला काय वाटतं याला किंमत नव्हती. सकाळी बाबांचा चहा झाल्यावर ती त्यांच्यासमोर बसली आणि तिनं फोन मांडीवर ठेवून ते सुरू केलं.

"अवंती," आवाज म्हणाला, स्वच्छ, शांत, मऊ. "जरा जड वाटून राहिलं."

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. कपाळावर आठ्या पडल्या. अवंती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. फोनमधला आवाज हात म्हणाला, मघापासून म्हणाला, झोपू म्हणतं का असं विचारून गेला.

बाबांनी मान वळवली. दाराकडे बघितलं. मग तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. डाव्या हातानं दाराकडे खूण करत, तोंडभर हसत त्यांनी आत या म्हणावं तसा हात हलवला. कुणी तरी सभ्य, ओळखीचं नसलेलं माणूस दारात येऊन बोलत उभं आहे आणि पोरगी त्याला बसायला सांगत नाही, असं त्यांना वाटत होतं.

अवंतीनं फोन बंद केला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"कुणी नाही आलं, बाबा," ती म्हणाली. "कुणी नाही ते."

बाबांचं हसू गेलं. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि मग ओरडले. "आआ... हा! हाआ!" भांडी वाजतील एवढ्या मोठ्यानं, पुढे झुकून, चांगला हात तिच्या गुडघ्यावर आपटत. ते रागावले होते, की घाबरले होते, की तिला उगी करत होते, हे तिला अजूनही समजलं नाही.

तिनं या वेळी पाणी म्हटलं नाही, पंखा म्हटलं नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्या अगदी जवळ सरकली, इतकी की त्यांचा श्वास तिच्या कानाला लागत होता.

"परत सांगा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी परत सांगितलं.